मागची दोन चाकं

ब्रेकताई टायरच्या दुकानापाशी पोचली ती हॉर्नवरचा हात न काढताच. आत कॉम्प्रेसर एवढा बोंबलत होता, की हॉर्न ऐकणार कोण? मग तिनं गाडी शटरच्या तोंडाशी आडवी घातली, म्हणजे आतलं एकही वाहन बाहेर पडायला नको, आणि छत्रीबित्री न उघडता भर पावसात तशीच उतरली.

ब्रेकताई हे काही तिचं खरं नाव नव्हे. बावीस वर्षं ती लोकांना गाडी चालवायला शिकवत होती. शिकाऊ गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी एक दुसरा ब्रेक असतो, त्यावर तिचा पाय कायमचा. घरी जेवतानासुद्धा आईचा पाय टेबलाखाली दाबला जातो, असं तिची लेक सगळ्यांना सांगत फिरायची. रागाला मात्र तिच्याकडे ब्रेक नव्हता. तो नाकाच्या शेंड्यावरच बसलेला असे, आणि आज तर तिथूनही उडी मारून पुढे धावत होता.

आत तिचा धाकटा भाऊ लेकीच्या छोट्या पांढऱ्या गाडीचा शेवटचा नट आवळत होता. गावातले लहानथोर त्याला टायरमामा म्हणायचे. लेक बाजूच्या स्टुलावर चहा पीत बसली होती. नर्सची पहिली नोकरी, आज पहिला दिवस, नदीपलीकडच्या मोठ्या इस्पितळात चारला हजर व्हायचं. तीन तासांचा रस्ता, म्हणजे एकला निघायला हवं. मामानं भाचीला नोकरीची भेट म्हणून दोन कोरी टायरं दिली होती. घड्याळात अकरा वाजले होते आणि तीन दिवस पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता.

ब्रेकताईनं गाडीकडे पाहिलं. कोरी काळी कुळकुळीत टायरं पुढे, आणि घासून घासून गुळगुळीत झालेली दोन मागे.

"काढ ती," ती म्हणाली.

"काय काढू?"

"कोरी टायरं पुढून काढ आणि मागे लाव. जुनी पुढे. आत्ताच्या आत्ता."

टायरमामानं पान्यावरून मान वर केली आणि तो हसला. त्याचं ते हसणं! गिऱ्हाइकांना लाडीगोडी लावायचं हसणं बहिणीला दाखवलं की तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची, हे त्याला चाळीस वर्षांत कळलं नव्हतं थोडंच.

"ताई, सकाळपासून काही खाल्लंयस का? उलटं बोलतीयेस."

"उलटं तू लावलंयस. मी सरळ बोलतेय."

"आई, प्लीज," लेक म्हणाली, "सगळ्यांसमोर ओरडू नकोस ना."

सगळ्यांसमोर म्हणजे एका बेकरीवाल्यासमोर. त्याची डिलिव्हरीची व्हॅन पलीकडे तयार उभी होती आणि तो दारात पाऊस बघत ताटकळत होता. तमाशा फुकटात दिसतोय म्हटल्यावर त्यानं तोंड घातलंच. "अहो ताई, इंजिन पुढे, स्टेअरिंग पुढे, ब्रेकचा सगळा जोर पुढे. मग नवीन टायर मागे लावून काय त्याची पूजा करायची?"

"तुम्ही पाव भाजा," ब्रेकताई म्हणाली.

तिनं पर्समधून काडेपेटी काढली. त्यातल्या एका काडीवर पेननं रेघ मारलेली होती, टायरची खाच निदान एवढी खोल हवी अशी खूण. खाली बसून तिनं ती काडी मागच्या टायरच्या खाचेत उभी धरली. रेघ खाचेच्या पुष्कळ वर राहिली. मग भावाला ओढून खाली बसवलं. "बघ. काडी रेघेच्या अर्ध्यापर्यंतसुद्धा बुडत नाही. या खाचा कशाला असतात रे? नक्षी म्हणून? रस्त्यावरचं पाणी त्यांतून बाहेर फेकलं जातं म्हणून टायर रस्त्याला धरून राहतं. खाच संपली की पाणी जाणार कुठे? टायर त्याच्यावर चढतं. मग गाडी रस्त्यावर नसते, पाण्यावर असते."

"एवढं मला कळतं. म्हणून तर नवी दिली ना?"

"दिलीस ती चुकीच्या ठिकाणी! पुढची चाकं तरंगली तर स्टेअरिंग हलकं लागतं, चालवणारा सावध होतो, पाय उचलतो. मागची तरंगली तर त्याला काहीच कळत नाही. वळणावर ढुंगण एकीकडे आणि तोंड दुसरीकडे. कळतं तेव्हा उशीर झालेला असतो."

टायरमामानं नुसतं बोट उचलून भिंतीकडे दाखवलं. भिंतीवर लाल रंगात हातभर अक्षरं होती: 'नवे पुढे, जुने मागे.' त्यांच्या बाबांच्या हातची अक्षरं. दुकान बाबांनी काढलेलं. पुढचं चाक गाडी नेतं, मागचं नुसतं मागून येतं, असं ते आल्यागेल्याला सांगायचे. बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली होती. दर वर्षी टायरमामा स्वतःच्या हातानं त्या अक्षरांवर नवा रंग फिरवायचा, रेघेच्या बाहेर एक थेंब जाऊ द्यायचा नाही.

"तीस वर्षं बाबांनी हेच केलं," तो म्हणाला. "आणि आता तू मला शिकवणार?"

"बाबा चुकत होते."

कॉम्प्रेसर नेमका त्याच वेळी भरून बंद पडला, आणि वाक्य दुकानभर पसरलं. लेकीनं कप खाली ठेवला. टायरमामाचं हसणं गेलं.

"मोठी आलीस," तो हळू म्हणाला. "गेलेल्या माणसाला नावं ठेवायला मोठी आलीस."

आता खरं सांगायचं तर ब्रेकताईच्या पोटात याहून मोठं काहीतरी होतं, आणि ते बाहेर येऊ द्यायचं नाही, असं ठरवूनच ती आली होती. गेल्या आठवड्यात शिकवणाऱ्यांचं एक प्रशिक्षण होतं. दाढीमिशी धड न फुटलेली दोन पोरं ओल्या ट्रॅकवर गाड्या फिरवून दाखवत होती. कोरी टायरं मागे लावायची, असं त्यातलं एक म्हणालं, तेव्हा सगळ्यात आधी भांडायला उठली ती ब्रेकताईच. तीस वर्षांचं बाबांचं दुकान, तो धंदा हिच्या रक्तात, हे काय सांगतात! पोरगं शांतपणे म्हणालं, बसा. पुढे कोरी आणि मागे झिजलेली टायरं लावलेली गाडी तिनं स्वतः चालवली. दोनदा गाडी भोवऱ्यासारखी फिरली आणि दोन्ही वेळा तिच्या हातात काही नव्हतं, बावीस वर्षांच्या अनुभवासकट काही नव्हतं.

ती खाली उतरली ती भांडण सोडूनच. कारण तिला आठवलं. बाबांची गाडी पुलाआधीच्या वळणावर गेली तेव्हा असाच पाऊस होता. गाडी उलटी फिरून पुलाच्या कठड्यावर आदळली होती. आई तेव्हा आजारी होती, बाबा आदली रात्र तिच्या उशाशी जागले होते, म्हणून पंचनाम्यात लिहिलं गेलं की चालकाला डुलकी लागली असावी. सगळ्यांनी ते मान्य केलं. आई तर पुढची चार वर्षं, डोळे मिटेपर्यंत, माझ्यापायी जागले म्हणून गेले, एवढं एकच म्हणत राहिली. आणि पोलीस ठाण्याच्या आवारात ती चेमटलेली गाडी ब्रेकताईनं पाहिली होती. मागची टायरं झिजलेली, पुढची कोरी होती. इतकी कोरी, की बाजूचे रबराचे केससुद्धा झिजले नव्हते. चार दिवसांपूर्वी ती बसवली होती धाकट्यानं, बाबांच्याच नियमानं, बाबांच्याच देखरेखीखाली.

हे त्याला सांगायचं कसं? म्हणून आठ दिवस ती तोंडाला कुलूप लावून बसली होती. लेकीच्या गाडीचं काम आज निघालं नसतं तर आणखी किती दिवस बसली असती, देव जाणे.

"ताई," बेकरीवाला घड्याळ बघत म्हणाला, "तुमचं घरचं चालू द्या. पण तुमची गाडी जरा काढा. माझे पाव नदीपलीकडे जायचेत."

"काढते हो, काढते!" ती खेकसली. पावसात जाऊन तिनं आडवी गाडी बाजूला घेतली. व्हॅन तिच्या समोरून गेली. पुढे कोरी टायरं, मागे जुनी. ती तिनं पाहिली. पाहिली आणि ज्याच्या नावानं डोकं पेटलं होतं त्याच्याशी भांडायला ती परत आत गेली.

आत येऊन तिनं सरळ पाना उचलला आणि लेकीच्या गाडीच्या चाकाला लावला. नट मशीननं आवळलेला. तिनं पान्यावर दोन्ही पाय देऊन उभं राहून पाहिलं, नट ढिम्म हलेना. तिनं नट खोलायचं हवेवर चालणारं मशीन हातात घेतलं. टायरमामानं जाऊन कॉम्प्रेसरची हवाच बंद केली.

"माझ्या दुकानात माझ्या हातचं काम कुणी उलटं करायचं नाही," तो म्हणाला.

"मामा, आई, मी दुसऱ्या कुठल्या तरी दुकानात जाते," लेक रडकुंडीला येऊन म्हणाली. "तुमचं काय ते चालू द्या."

"कुठे जाशील?" ब्रेकताई तिच्यावर उखडली. "गावातले सगळे टायरवाले इथेच हात काळे करून शिकलेत. सगळे हेच सांगतील." मग भावाचा दंड धरला. "चल. बस हिच्या गाडीत. तू पण गं. किल्ली आण."

"मी कुठेही येत नाही."

"मी चुकले तर हिच्यासमोर तुझे पाय धरीन. आणि पुन्हा या दुकानात पाऊल ठेवणार नाही. झालं? आता बस."

बहिणीनं पुन्हा पाऊल ठेवायचं नाही, या आमिषाला टायरमामा भुलला, असं नंतर तो स्वतःच सांगायचा.

बंद पडलेल्या मालधक्क्याचं मैदान म्हणजे ब्रेकताईची शाळा. सिमेंटची लांबरुंद जागा, आजूबाजूला ना झाड ना खांब. मधे एक खोलगट भाग, त्यात पेरभर पाणी साचलेलं. लेकीला तिनं दूर पत्र्याखाली उतरवलं. भावाला पट्टा लावायला लावला, स्वतः लावला.

"हा चाळीसचा वेग," ती म्हणाली आणि गोल वळण घेत गाडी पाण्यातून नेली. पाणी दोन्ही बाजूंनी फुर्रकन उडालं. काही झालं नाही.

"झालं?" टायरमामा म्हणाला. "पाय धरायची तयारी कर."

"हा पासष्ट."

तोच गोल. तेच पाणी. टायरमामाची नजर स्टेअरिंगवर होती, बहिणीच्या हातांवर. हात स्थिर. स्टेअरिंग घट्ट. पुढची कोरी टायरं पाणी कापत चालली होती, एकदम झकास. आणि मग मागून कुणीतरी गाडीला धक्का दिला. पत्र्याचं छप्पर समोर आलं, लेक समोर आली, मग गेटची भिंत, मग पुन्हा छप्पर. गाडी ज्या दिशेनं आली होती त्या दिशेला तोंड करून थांबली. ब्रेकताईनं ब्रेक दाबला नव्हता. दाबून उपयोगच नव्हता.

"तू मुद्दाम फिरवलीस."

"तू चालव."

जागा बदलल्या. टायरमामानं दात आवळून गाडी पळवली, मनात निश्चय हाच की ही बाई कशी खोटी पडते ते बघतोच. गाडी पहिल्यापेक्षाही जोरात फिरली. दीड गिरकी. इंजिन बंद पडलं. वायपर तेवढे चालू राहिले.

त्याचे दोन्ही हात स्टेअरिंगवरच होते.

"हलकं झालंच नाही," तो म्हणाला. "शेवटपर्यंत स्टेअरिंग हलकं झालंच नाही, ताई. पुढून काही म्हणजे काही कळलं नाही."

"हेच सांगत होते मी."

"पुढून सगळं ठीकच वाटत राहतं."

"हो."

तो समोर बघत राहिला. ब्रेकताईला त्याचा चेहरा एका बाजूनं दिसत होता, आणि त्या चेहऱ्यावर ते येताना दिसलं. तिला वाटलं, हात घालून थांबवावं. पण तिच्या पायाखाली आता दुसरा ब्रेक नव्हता.

"बाबांच्या गाडीला..." तो म्हणाला.

तिनं आपला पट्टा काढला.

"बाबांच्या गाडीला चार दिवस आधी मी कोरी टायरं लावली होती. पुढे."

"बाबांनीच सांगितलं होतं तुला."

"लावली मी."

"त्यांच्या नियमानं लावलीस. त्यांच्यासमोर लावलीस. माझ्या हातात पाना असता तर मीही तिथेच लावली असती!" ती ओरडली. कुणावर ओरडत होती तिलाच कळत नव्हतं. बाबांवर, भिंतीवरच्या त्या लाल अक्षरांवर, डुलकी लिहिणाऱ्या त्या कारकुनावर, आणि सगळ्यांत जास्त स्वतःवर. नऊ वर्षं दर नव्या तुकडीला पहिल्या दिवशी ती सांगत आली होती की झोप आली तर गाडी चालवू नका, माझे बाबा स्टेअरिंगवर झोपले आणि गेले. शेकडो लोकांसमोर तिनं बापाला झोपवलं होतं.

टायरमामानं मान वळवली. "तुला कधीपासून माहीत आहे?"

"आठ दिवस."

"आठ दिवस?"

"तुला कळलं तर तू..."

"आठ दिवस!" आता तो ओरडला, आणि असा ओरडला की लांब पत्र्याखाली उभी असलेली लेक दचकली. "आठ दिवस गप्प बसलीस? मला वाईट वाटेल म्हणून? अगं, या आठ दिवसांत पावसामुळे रांग लागलीय माझ्याकडे! अकरा गाड्यांना मी पुढे कोरी आणि मागे जुनी लावलीत! अकरा! मला जपत बसलीस, आणि त्या अकरा जणांना कोण जपणार होतं?"

ब्रेकताईनं किल्लीकडे हात नेला.

"अकरावी तर आत्ता गेली," तो म्हणाला. "तुझ्यासमोर. तू तुझी गाडी बाजूला घेतलीस आणि तिला वाट करून दिलीस."

बेकरीवाला. नदीपलीकडे. पुलाआधीच्या वळणावरून.

लेकीला हाक मारायची गरज पडली नाही, ती धावतच आली. परतीच्या रस्त्यावर चालवलं ब्रेकताईनं, आणि एवढी घाई असताना चाळीसच्या वर काटा जाऊ दिला नाही. दुकानात शिरल्या शिरल्या टायरमामानं खिळ्यावरच्या चिठ्ठ्या ओढल्या. टायर लावलं की महिन्यानं हवा तपासायला गिऱ्हाइकाला फोन करायचा, ही बाबांचीच पद्धत. त्यासाठी प्रत्येकाची चिठ्ठी खिळ्याला टोचलेली असायची. सगळ्यात वरची बेकरीवाल्याची.

नंबर लागला. वाजत राहिला. तुटला. पुन्हा लावला. तिसऱ्यांदाही तुटल्यावर फोन ब्रेकताईनं हिसकावला. चौथ्यांदा तिकडून आवाज आला.

"हॅलो, कोण? मी गाडी चालवतोय."

"तर मग आधी बाजूला घे!" ब्रेकताई गरजली. "ब्रेक दाबू नकोस, नुसता पाय उचल, आणि वेग उतरला की बाजूला घे. मी थांबलेय."

"अहो पण..."

"घे म्हणते ना, मेल्या!"

तिकडे वायपरचा आवाज, मग इंजिन मंदावल्याचा.

"घेतली. आता काय झालं? कोण बोलतंय?"

"कुठे आहेस?"

"पुलाच्या अलीकडे. वळण दिसतंय समोर."

ब्रेकताईनं स्टूल ओढलं आणि ती बसली. आवाज मात्र खाली आला नाही. "नीट ऐक. मघाशी तू मला पूजेचं विचारलंस ना, तर तू बरोबर नव्हतास, मी बरोबर होते. तुझी मागची टायरं पाण्यात रस्ता धरणार नाहीत. गाडी वळव आणि परत ये. चाळीसच्या वर जायचं नाही. साचलेलं पाणी दिसलं की त्याच्या आधीच हळू हो, पाण्यात शिरल्यावर ब्रेक नाही. पुढे गाडी असेल तर तिच्या चाकांनी पाणी बाजूला केलेलं असतं, त्याच पट्ट्यांवरून ये, पण लांबून. मागून गाडी सरकतेय असं वाटलं तर घाबरून उलटसुलट स्टेअरिंग फिरवू नकोस. पाय उचल आणि जिकडे जायचंय तिकडेच बघ. कळलं?"

"आणि माझे पाव?"

"जळले तुझे पाव! ये म्हणते ना!"

तोवर इकडे टायरमामानं कॉम्प्रेसर चालू केला होता. भाचीच्या गाडीची चारही चाकं त्यानं पंधरा मिनिटांत काढून बदलली. हवा तपासली. मागे कोरी, पुढे जुनी. मग पुढची ती जुनी टायरं त्यानं काडी लावून पाहिली, बहिणीचीच काडी, आणि पुन्हा उठला. स्वतःच्या गाडीची बऱ्यापैकी दोन टायरं उतरवली आणि तीही भाचीच्या पुढच्या चाकांना चढवली. त्याची गाडी दोन जॅकवर तशीच लोंबकळत राहिली.

लेकीनं इस्पितळात फोन करून सांगितलं की उशीर होईल. पलीकडून कुणी तरी पहिल्याच दिवशी म्हणून फटकारत होतं. "हो मॅडम, चूक झाली," लेक म्हणाली. "पण मी हळू येणार आहे." ब्रेकताईला वाटलं, ही खरंच माझी पोरगी आहे. निघताना लेक मामाच्या गळ्यात पडली. तो हात बाजूला धरून उभा राहिला, ग्रीसचे हात तिच्या पांढऱ्या कपड्यांना लागू नयेत म्हणून.

ती गेल्यावर ब्रेकताईनं कोपऱ्यातला काळ्या रंगाचा डबा उचलला आणि ब्रश घेऊन भिंतीकडे निघाली.

"ठेव ते," टायरमामा म्हणाला. "भिंत कुठे पळून जात नाहीये. आधी फोन."

मग ते दोघं खुर्च्या ओढून बसले. ती चिठ्ठीवरचा नंबर वाचायची, तो लावायचा. दर वेळी एकच वाक्य. "मी टायरमामा. तुमची टायरं मी चुकीची लावलीत. पावसात गाडी काढू नका, किंवा एकदम हळू घेऊन या, मी बदलून देतो." कुणी हसलं. कुणाला तो प्यायलाय असं वाटलं. रिक्षावाल्याच्या बायकोनं त्याला अशा शिव्या घातल्या की ब्रेकताईनंही कानावर हात ठेवले. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाला, "हो वहिनी. बरोबर आहे तुमचं. कधी येताय?" एक शाळेचे मास्तर म्हणाले, पण तुमच्या बाबांनीच मला सांगितलं होतं. टायरमामा म्हणाला, "हो, मास्तर. बाबांनाही माहीत नव्हतं."

बेकरीवाला मधेच येऊन ठेपला, पावांचे ट्रे खाली उतरवून, चाकं बदलून मिळायची वाट बघत रुसून बसला. सगळ्यांना एकेक पाव मात्र त्यानं दिला.

बेकरीवाला धरून सात फोन झाले. आठवी चिठ्ठी ब्रेकताईच्या हातात होती. ती नंबर वाचणार, एवढ्यात टायरमामानं फोन मांडीवर ठेवला.

"ताई, म्हणजे बाबा झोपले नव्हते."

"नव्हते."

"आईपायी गेले नाहीत ते."

"नाही रे. आई उगाच झुरली."

"पूर्ण जागे होते."

"हो."

"मग गाडी फिरली तेव्हा," तो म्हणाला, "तेव्हा त्यांना कळलं असेल का, टायरं कुणी लावली होती?"

ब्रेकताईला भयंकर राग आला. या प्रश्नाला उत्तर नाही याचा राग आला. बाबा इथे असते तर त्यांच्या अंगावर धावून जाऊन तिनं विचारलं असतं की तुमच्या नियमाचं हे काय करून ठेवलंत, पोराच्या गळ्यात काय बांधून गेलात. तिनं भावाच्या मांडीवरचा फोन उचलला आणि त्याच्या हातात कोंबला.

"चार गाड्या अजून रस्त्यावर आहेत," ती म्हणाली. "नंबर लाव."

त्यानं बाहीनं तोंड पुसलं. तिनं नंबर वाचला, एकेक आकडा सावकाश, आणि त्यानं तो लावला.